पाचोळा, राब, गारा

पहाटे ५.२०

चूल पेटली आहे. चहा बिनदुधाचा, गूळ घातलेला. राजूरहून भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता सोडून आत शिरलं की डोंगराला चिकटून ही वाडी लागते. मे महिन्याचा पहिला आठवडा. नवरा नारायणगावकडे भाजीच्या मळ्यांत मजुरीला गेलाय, मृगाच्या आसपास परतेल. घरात ती, सासू आणि आश्रमशाळेला सुटी लागली म्हणून आलेली सातवीतली मुलगी. वाडीत तिला सगळे मावशी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

हत्यारं भिंतीला टेकून ठेवलीत. बांबूच्या दातांचं दाताळं, खराटा, विळा, दोन डालगी. एका डालग्याची वीण सुटलीय, तिथं खताच्या गोणीची नायलॉनची दोरी ओवून घेतलीय. नवं डालगं बाजारात अडीचशेच्या खाली मिळत नाही. दोरी फुकट.

५.५०

हिरड्याची आणि ऐनाची झाडं. खाली वीतभर पाचोळा. उजाडताच कामाला लागायचं, कारण रात्रीच्या गारव्यानं पान नरम असतं. "ऊन चढलं का पानाचा चुरा व्हतो," मावशी म्हणतात. "चुरा डालग्यात राहत न्हाई, नाकात जातो."

दाताळं ओढायचं, ढीग करायचा, पायानं डालग्यात दाबायचा. वरची कोरडी पानं घेतात, खालची ठेवतात. खालचा थर हातात घेऊन पाहिला. काळा, दमट, आंबूस वासाचा. पानाची नुसती जाळी उरलेली, त्यावर बुरशीचे पांढरे धागे. "ते जळत न्हाई," मावशी म्हणाल्या आणि पुढं सरकल्या.

राबाला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, बिनकामाचा हा थर हवामानशास्त्राच्या मात्र फार कामाचा निघाला. १९७०च्या सुमारास अमेरिकेत व्हायोमिंग विद्यापीठात गाबोर वाली आणि रसेल श्नेल हे दोघं असल्याच कुजक्या पानांच्या मागे लागले होते. अडचण अशी होती. ढगातलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. थेंब अगदी बारीक आणि स्वच्छ असेल तर तो उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत पाणीच राहतो. त्याला बर्फ व्हायला आधार लागतो, एखादा कण. विरजणाशिवाय दूध लागत नाही, तसंच. मातीची धूळ हे विरजण होतं खरं, पण बहुतेक धूळ उणे १५च्या खाली गेल्यावरच नीट कामाला लागते. मग त्याहून उबदार ढगांत बर्फ येतं कुठून?

त्यांची तपासणीही साधी होती. गार करता येईल अशी धातूची पट्टी, तिच्यावर पाण्याचे बारीक थेंब, थेंबांत पाचोळ्याचा अंश. पट्टी हळूहळू थंड करत जायची आणि कुठला थेंब कितीला पांढरा पडतो ते लिहायचं. कुजक्या पानाचे थेंब शून्याच्या खाली जेमतेम काही अंशांवर पांढरे पडू लागले. १९७४ साली पानांवरच्या एका जिवाणूवर बोट ठेवलं गेलं. स्यूडोमोनास सिरिंगी. त्याच्या अंगावरच्या प्रथिनाची घडण अशी, की पाण्याचे रेणू त्यावर बर्फासारखे ओळीनं बसतात. उणे दोन अंशांवरसुद्धा.

हा जिवाणू कुठून शोधून आणावा लागत नाही. जगभर पिकांच्या पानांवर असतो. थंडीच्या लाटेत पानावर बर्फ लवकर धरायला लावतो, पेशी फोडतो आणि फुटलेल्या पेशीतलं खातो.

७.४०

ऊन आलं. आता पान वाजायला लागलंय. मुलीनं डालगं उचलून आईच्या डोक्यावर दिलं. खाली चुंबळ. वजन फार नाही, पण आकार एवढा, की चढावर समोरचं दिसत नाही. पायाखालची वाट पाठ आहे म्हणून चाललंय. वरून चुरा गळतो. तो मानेवर बसतो, पदरात बसतो. मावशी खोकतात, थुंकतात, चालतात.

उन्हाच्या तिरिपेत तो चुरा वर चढताना दिसतो. दिसतो तो जाडा भाग. त्यातलं जे खरं वर जातं, जिवाणू, बुरशीचे बीजाणू, परागकणांचे तुकडे, ते डोळ्यांना दिसत नाही. जमीन तापली की हवा वर उठते, तिच्याबरोबर तेही.

खेप टाकून दम घेताना मावशींना केनियाची गोष्ट सांगितली. केरिचो नावाच्या भागात चहाचे मोठे मळे आहेत आणि गारा वर्षभरात इतक्या वेळा पडतात की जगात नाव झालंय. श्नेल तिथंही गेला. चहाच्या झुडपांखालचा कुजका पाला तपासला, तर बर्फ धरायला तो पक्का निघाला. चहा तोडणारी माणसं दिवसभर त्याच पाल्यातून चालतात, पायांनी तो उडतो आणि वर जातो, असं त्याचं म्हणणं पडलं.

मावशींनी पाणी पिऊन विचारलं, "त्यांना मजुरी कशी? रोजावर का किलोवर?"

"किलोवर."

"मंग गारांनी पाला फाटला का त्यांचंच पोट मेलं की."

चहाच्या त्या अभ्यासावर एवढं नेमकं बोललेलं मी वाचलं नव्हतं.

८.३०

देशभर पावसाचा दिवस साडेआठला संपतो. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जेवढं पडलं तेवढं आजच्या तारखेला. राजूर हे महसुली मंडळ, त्यामुळे इथला आकडा वेगळा धरतात. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की अतिवृष्टी, मग तलाठी, मग पंचनामा. आज आकडा शून्य.

इथल्या पावसाचे दोन प्रकार आहेत, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. एक आवणीचा, म्हणजे भातलावणीचा. जून-जुलैत घाटघरच्या कड्यावर ढग येऊन टेकतात आणि आठ-आठ दिवस सुटत नाहीत. घाटघरला कोसळतं, राजूरला त्याहून कमी, अकोल्याला आणखी कमी. हे ढग बुटके. थेंबावर थेंब आपटतो, मोठा होतो, खाली येतो. बर्फाची गरज बहुतेक वेळा पडतच नाही. या पावसानं भात होतो आणि भंडारदऱ्याचं धरण भरतं. १९२६ साली पुरं झालेलं, ११ टीएमसीचं. पाणी प्रवरेनं खाली जातं. ऊसही खालीच आहे.

दुसरा वळवाचा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर. हा ढग उंच. या दिवसांत शून्य अंशाची रेघ जमिनीपासून साधारण पाच किलोमीटरवर असते. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवा आणि त्यावर आणखी एक. वळवाचा ढग त्याच्याही वर दुप्पट जातो. तिथं बर्फाशिवाय काही चालत नाही. पाचोळ्याच्या चुऱ्याला काही किंमत असेल तर ती या ढगात.

९.१५

राब रचायचा. खाचराच्या वरच्या कोपऱ्यात दोन गुंठ्यांचा तुकडा. एवढ्यात वीसेक गुंठ्यांच्या आवणीपुरतं रोप होतं. जाऊ मदतीला आलीय. तिच्या राबाला परवा मावशी गेल्या होत्या. सावड. पैसे नाहीत, हिशेब मात्र दोघींच्या डोक्यात पक्का.

आधी शेण. वर्षभर गोठ्याच्या मागं साठवलेलं, वाळलेलं. घरी डांगी बैलांची जोडी आहे म्हणून शेण विकत घ्यावं लागत नाही. हातानं चुरून सारखं पसरायचं, बोटभर जाड. त्यावर ऐनाच्या फांद्या. माघात तोडून, भारे बांधून झाडावरच अडकवून ठेवलेल्या. त्या आडव्या लावायच्या, मध्ये पोकळी राहिली तर पायानं मोडायच्या. त्यावर गवत. मग सकाळचा पाचोळा, ढोपरापर्यंत. शेवटी चाळणीनं चाळल्यासारखी बारीक माती. ही माती महत्त्वाची. ती नसेल तर राब भडकून जातो, राख वाऱ्यावर जाते आणि जमीन भाजतच नाही. माती असली की आग दाबून राहते, धुमसते, तणाचं बी मरतं.

माती पसरायला फावडं नाही, हातच. घमेलं कमरेवर, मूठ भरायची आणि मनगट झटकून फेकायची. मुलीची मूठ एका जागी ढीग करते. जाऊ ओरडते. मुलगी पुन्हा फेकते. मावशींच्या मुठीतून माती पडते तिचा पट्टा हातभर रुंद आणि सारखा. कोपऱ्यापर्यंत एक पट्टा, परत फिरून दुसरा. वाकून. मध्ये एकदा कमरेवर हात ठेवून ताठ झाल्या, परत वाकल्या.

या कामाची हजेरी कोणी लावत नाही. रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली ३१२ रुपये होता. नारायणगावला नवऱ्याला चारशे मिळतात, बाईला तीनशे.

११.४५

भाकरी, लसणाची चटणी, कांदा. सासूबाईंनी करवंदं आणून ठेवलीत. ऊन मी म्हणतंय. अर्धा तास सावलीला.

१.००

राजूर. जीपचे जायचे वीस, यायचे वीस. आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेरीत मुलीच्या कागदासाठी जायचं होतं. झेरॉक्स दोन रुपयाला एक, आठ झाल्या. मीठ, काडेपेटी, चहा पावडर. बियाणं घरचंच, काळभाताचं, गाडग्यात राखेत ठेवलेलं.

हार्डवेअरच्या दुकानाबाहेर निळे प्लास्टिकचे कागद टांगलेत. मावशींनी एक हातात धरून ताणून पाहिला.

"साडेसहाशे."

"पाचशेला द्या."

"येतच न्हाई मावशी."

सोडला. जीप भरायला पाऊण तास लागला. तोवर पश्चिमेकडे बघत उभ्या.

३.१०

परत वाडीत. डोंगरामागून ढग वर आलाय. फुलकोबीसारखा, कडा चाकूनं कापल्यासारख्या स्वच्छ. मावशी राबाच्या कडेला उभ्या आहेत. पेटवावा का? वारा खालून वर आणि जोरात. अशा वाऱ्यात पेटवला तर एका दमात जळून जाईल, वर डोंगराच्या गवतालाही लागेल. नाही पेटवला आणि पाऊस आला तर ओला राब धुपेल, भाजणार नाही.

पाहता पाहता ढगाच्या माथ्यावरची कड बदलली. स्वच्छ होती ती विस्कटली, पिंजलेल्या कापसासारखे धागे सुटले, माथा चपटा होऊन एका बाजूला पसरला.

"तुरा फुटला," जाऊ म्हणाली. "आता पडतोय."

हवामानखात्यातला माणूसही हीच खूण पाहतो. पाण्याच्या थेंबांचा ढग कडेला रेखीव दिसतो. माथ्यावर बर्फ धरलं की कड पुसट होते. जावेला हे कोणी शिकवलेलं नाही, आणि तिचा अंदाज वेधशाळेच्या आधी आला.

ढगाला विरजण लावायला माणसंही जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, सोलापूरच्या आकाशात काही पावसाळे विमानं उडवली. तिथं ढगाच्या तळाशी क्षाराचे कण सोडत होते, थेंब मोठे व्हावेत म्हणून. बर्फ धरवायचं असेल तर सिल्व्हर आयोडाइड वापरतात, ते उणे पाचच्या पुढं लागू पडतं. पानावरचा जिवाणू त्याच्याही आधी. याच संस्थेची महाबळेश्वरला २०१२ पासून एक प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथं ढगच खिडकीशी येतो, म्हणून विमान लागत नाही.

३.४५

आधी वारा. राबावरची माती उडाली, पाचोळा उघडा पडून गोल फिरू लागला. मुलगी दगड आणून कडेनं ठेवतेय. मग टप टप मोठे थेंब. मग कौलांवर खडखडाट. गारा.

सगळे पडवीत. बोराएवढ्या, काही त्याहून मोठ्या. शेजारच्या आंब्याच्या कैऱ्या सटासट खाली. मुलीनं पातेलं डोक्यावर धरून धावत जाऊन गारा वेचून आणल्या. मावशींनी त्यातली मोठी घेऊन विळ्यावर धरली आणि कांद्यासारखी चिरली.

आत कांद्यासारखेच पदर. बाहेर काचेसारखा स्वच्छ पदर, त्याखाली दुधी, परत स्वच्छ. मधोमध जोंधळ्याएवढा पांढरा दाणा. मुलीनं तो नखानं कोरला आणि तोंडात टाकला. "मातीची चव लागती."

असाच मधला दाणा अमेरिकेत मोन्टाना स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी गारांतून काढून वितळवला होता. बाहेरच्या पदरांपेक्षा गाभ्यात जिवाणू जास्त सापडले. म्हणजे गारेची सुरुवात झाली तिथं ते हजर होते.

आता हिशेब सरळ मांडला पाहिजे. हवेत अशा जिवाणूंची गर्दी नसते. ढगातल्या एकूण बर्फात धुळीचा वाटा मोठा, जैविक कणांचा लहान. विशेषतः खूप थंड माथ्यावर धूळच राज्य करते. पण उणे तीन ते उणे आठ या पट्ट्यात एक गंमत होते, ती १९७४ साली हॅलेट आणि मॉसप यांनी दाखवली. तिथं बर्फाच्या कणावर थेंब आपटून गोठला की बारीक कपचे उडतात. प्रत्येक कपचा पुन्हा नवा बर्फकण. सुरुवातीला थोडे असले तरी चालतं, पुढं ते आपोआप वाढतात. आणि या पट्ट्यात सुरुवात करून देणारं धुळीत फारसं काही नसतं. पाचोळ्यात असतं.

दहा मिनिटांत थांबलं. अंगणात पांढरा थर. सासूबाई म्हणाल्या, २०१४ साली यापेक्षा वाईट होतं. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं महाराष्ट्रभर उभी पिकं झोपवली होती. मावशी तोवर राबाकडे पोचल्या होत्या.

४.२०

बसून राबात हात घालतात. वरची माती चिखल झालीय. पाचोळा दोन बोटं ओला. खाली हात गेला तर कोरडं. फांद्या कोरड्या, शेण कोरडं. मातीनं वाचवलं, पण आज पेटणार नाही. दोन दिवस ऊन मिळालं पाहिजे.

मातीचा वास सुटलाय. २०१५ साली एमआयटीतल्या दोघांनी हा वास कसा सुटतो त्याचं चित्रण केलं. थेंब मातीवर पडला की खाली बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि मातीतलं काही हवेत फेकतात. वासाबरोबर जिवाणूही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या जंगलात पाऊस पडताना बर्फ धरणारे कण हवेत वाढलेले मोजले गेलेत. पिकांच्या रोगांवर काम करणारा डेव्हिड सॅन्ड्स १९८२ सालीच म्हणत होता, की पानावरचा जिवाणू वर जातो, पाऊस पाडून खाली येतो, नव्या पानावर बसतो. वाहन म्हणून ढग वापरतो. कल्पना देखणी आहे. फेरा किती जोरानं फिरतो यावर अजून वाद चालतो, आणि देखण्या कल्पनांच्या बाबतीत वाद चाललेलाच बरा.

मावशींनी वरचा ओला पाचोळा दाताळ्यानं ओढून बांधावर पसरला. उद्या वाळला तर परत टाकायचा, नाही तर नवा आणायचा. पुन्हा हिरड्याखाली, पुन्हा पहाटे.

६.३०

जावेनं आपल्या राबावर निळा कागद टाकला होता, दगड ठेवून. तो काढला. खाली खडखडीत कोरडं. वारा पडलाय. ती खालच्या अंगाला, वारा जातो त्या टोकाला काडी लावते. म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकते, सावकाश. मावशी हिरव्या फांदीचा झोडपा घेऊन कडेला उभ्या. मुलगी पाण्याची घागर घेऊन.

ज्वाळा नाही. धूर, आणि मातीखाली लाल रेघ, वीतभर वीतभर पुढं येणारी. जिथून गेली तिथं माती विटकरी.

पाचोळ्यातला तो जिवाणू इथं संपतो. प्रयोगशाळेतही बर्फ धरणारा कण सजीवातला का मातीतला हे ओळखायचं तर नमुना शिजवूनच पाहतात, साधारण ९५ अंशांना. प्रथिन असेल तर उष्णतेनं बिघडतं आणि थेंब पूर्वीपेक्षा उशिरा, जास्त थंडीत गोठतो. धुळीला बहुतेक काही होत नाही. शिजवण्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी मांडला की फरक कळतो. राबात हा फरक मोजायला कोणी नाही. राबाला तण मेलं म्हणजे झालं.

धूर डोळ्यांत जातो. जाऊ बाजूला सरून खोकते.

८.००

जेवण. भात, आमटी, पडलेल्या कैऱ्यांची चटणी. शेजारचा म्हणाला होता, न्या तुम्हीच, आता विकून काय येणार.

नवऱ्याचा फोन. तिकडं पाऊस नाही. टोमॅटो बांधायचं काम चालू आहे, रविवारी पैसे पाठवीन म्हणतो. मावशींनी राब भिजल्याचं सांगितलं. तिकडून विचारणा, जाग्यावर कागद नव्हता का?

"साडेसहाशे म्हणतो. पाचशेला देत न्हाई."

"घ्यायचा ना."

"दोन दिवसाची हजेरी हाये ती माझी."

थोडा वेळ बोलणं नाही. मग तो म्हणाला, गोठ्याच्या माळ्यावर मागच्या वर्षीचा फाटका कागद आहे, तो दुमडून टाक. मुलगी लगेच शिडी लावायला उठली. कागद निघाला. एका बाजूनं उंदरांनी खाल्लेला. मावशींनी तो अंगणात पसरला, पायानं मापला आणि मुलीला म्हणाल्या, जावेकडून दाभण आण.